जागा असून जागा नाही

"डिस्कवर पुरेशी जागा नाही," असं कॉम्प्युटरने सांगितलं तेव्हा वहिनी आधी हसली. मग तिने तोच मेसेज पुन्हा एकदा नीट वाचला आणि आत हाक मारली.

"अहो, तुमच्या ह्या नव्या कॉम्प्युटरला दिवसाढवळ्या खोटं बोलायची सवय आहे का?"

नवरा फोटोग्राफर. लग्नं, शाळांची गॅदरिंगं, कंपन्यांचे समारंभ, सगळ्यांचे फोटो आणि व्हिडिओ ह्याच कॉम्प्युटरवर जमा व्हायचे. नुकताच घेतलेला होता, आणि त्याच्या डिस्कचं कौतुक तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. "ह्यात अख्खं गाव मावेल, आणि वर पाहुण्यांना गाद्या घालायला जागा उरेल." असल्या कॉम्प्युटरने पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका सीडीला दारातूनच परत पाठवावं, हे त्याला अपमानास्पद वाटलं. तो दाढीचा फेस तोंडावर तसाच ठेवून धावत आला.

पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं. लागणारी जागा सहाशे एमबी. शिल्लक जागा दीडशे एमबी.

"अशक्य," तो म्हणाला. त्याने डिस्कची माहिती उघडून दाखवली. भरलेल्या जागेची निळी पट्टी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, बाकी सगळं मोकळं मैदान. "हे बघ. दीडशे कुठले? ह्याच्या हजारोपट आहे."

"मला माहितीये. त्याला कोण सांगणार?" वहिनी म्हणाली.

तिला सगळे वहिनीच म्हणत. खरं तर ते नातं एकटीचंच होतं, नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचं. पण त्या बहिणीने लग्नाच्या पहिल्या दिवसापासून घरभर "वहिनी, वहिनी" असा घोष लावला, तो शेजाऱ्यांनी उचलला, दूधवाल्याने उचलला, आणि शेवटी नवऱ्याच्याही तोंडात एकदा तेच आलं. त्यावर बरेच दिवस हसणं झालं आणि नाव पक्कं झालं.

ती धाकटी बहीण म्हणजे मिरी. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून मिरी. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मिरी कॉलेजात होती, आणि नव्या वहिनीशी काय बोलावं हे तिला कळत नव्हतं. वहिनीलाही कळत नव्हतं. ती कोंडी फोडली ती ह्या सीडीने. बंदरातला गेम होता. एकाच कीबोर्डवर दोघींनी खेळायचा. दोन छोट्या ओढबोटी, एक पिवळी, एक लाल. समुद्रातून मोठी जहाजं यायची, आणि ती दोरखंड बांधून आपल्या धक्क्याला ओढत न्यायची. दुसरीने बांधलेलं जहाज मध्येच पळवता यायचं, आणि खरी गंमत त्यातच होती. स्वयंपाकघरात दोघी एकमेकींना "मीठ दे" आणि "झाकण ठेव" यापलीकडे बोलत नसत, पण बंदरात त्यांची भांडणं अशी रंगायची की सासरे वर्तमानपत्र घेऊन गच्चीत जाऊन बसायचे. त्यातूनच त्या मैत्रिणी झाल्या.

आणि मग ती गाडी आली.

वहिनीचं काम गाड्या तपासण्याचं. जुनी गाडी घ्यायची असली की लोक आधी तिला बोलावत. ती गाडीभोवती एक चक्कर मारायची, दारं उघडून मिटून बघायची, ब्रेकच्या पेडलचं रबर अंगठ्याने चाचपायची, आणि मालकाने सांगितलेल्या गोष्टींतल्या निम्म्या शांतपणे खोडून काढायची. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मिरीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला तो स्वतःची गाडी घेऊन, नवीनच घेतलेली जुनी गाडी. मीटरवर तीस हजार किलोमीटर. सगळे कौतुकाने खाली उतरले. वहिनीही उतरली. तिने सवयीने पेडल चाचपलं, स्टिअरिंगवरून हात फिरवला, आणि भर घोळक्यात म्हणाली, "ही तीस हजारांची नाही, एक लाख तीस हजारांची आहे. मीटर एकदा पूर्ण फिरून आलाय. हे ज्याला कळलं नाही तो भोळा. आणि कळूनही सांगत नसेल, तर मिरी, तू जरा विचार कर."

सगळे हसले. तो मुलगा कानापर्यंत लाल झाला. मिरी हसली नाही.

लग्न झालं. लग्नाच्या फोटोंत वहिनी आहे, पण कडेला. नंतर मिरी नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात गेली, आणि तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "दादा आहे का?" वहिनी फोन दादाकडे द्यायची. बोलाचाली बंद नव्हती, तसं म्हणता येणार नाही. पण घरात एक खोली बंद ठेवावी आणि सगळ्यांनी तिच्यासमोरून पाय न वाजवता जावं, तशी वर्षं गेली.

मिरी लहान मुलांचे वाचादोष दूर करण्याचं काम करायची. त्याच्याच एका शिबिरासाठी ती ह्या शहरात येणार होती आणि संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होती. हे ती दादाला सांगत असताना वहिनीने फोन हातातून काढून घेतला.

"दुपारी घरी ये."

"येऊन काय करू, वहिनी? दोघींनी समोरासमोर बसून चहाच्या कपात बघत बसायचं?"

"समोरासमोर नकोच. शेजारी बसू. बोटींचा गेम आहे अजून."

 पलीकडून नाकातून सुटलेलं हसू ऐकू आलं. "शेवटच्या डावात तू जिंकली नव्हतीस. लाइट गेले होते."

"तर मग ये आणि सिद्ध कर," वहिनी म्हणाली, आणि फोन परत नवऱ्याच्या हातात दिला.

म्हणून आज सकाळी सीडी निघाली, नवऱ्याच्या सामानातून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह निघाला, आणि सगळं जुळून आल्यावर हा मेसेज आला होता.

"सोपं आहे," नवरा फेस पुसत म्हणाला. "जागा मागतोय ना? देऊ या. पाहुणा जेवायला बसला की पानाकडे बघत नाहीत, वाढत राहतात." त्याने नको असलेले व्हिडिओ शोधायला घेतले. कुठल्याशा शाळेच्या नाटकाची रंगीत तालीम सापडली, चांगली तीन हजार एमबीची. ती त्याने पुसून टाकली. कचऱ्याच्या डब्यात पडलेली फाइल जागा अडवून बसतेच, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं, म्हणून त्याने डबाही रिकामा केला. मग ऐटीत मागे टेकून तो म्हणाला, "चालव आता."

वहिनीने चालवलं.

लागणारी जागा सहाशे एमबी. शिल्लक जागा उणे नऊशे शेहेचाळीस.

नवऱ्याने पडद्याला नाक लावून आकडा पुन्हा वाचला.

"उणे," नवरा म्हणाला. "उणे जागा म्हणजे काय? भिंत फोडून शेजाऱ्यांच्या घरात गेलो का आपण?"

"तुम्ही जागा केलीत आणि जागा कमी झाली."

"म्हणजे सीडीच बिघडलीये. जुनी झाली, चालायचंच. मिरीला सांगू, नाही चालली. पत्ते खेळा दोघी."

"पत्ते खेळायला ती येत नाहीये," वहिनी म्हणाली. "मी तिला बंदर सांगितलंय, तर बंदरच मिळेल. तुम्ही आधी दाढी पुरी करा. एका गालाने किती वेळ फिरणार?"

नवरा गेला. वहिनीने खुर्ची पुढे ओढली. ती अजिबात घाबरली नव्हती, उलट तिला आतून बरं वाटायला लागलं होतं. कामावर असंच व्हायचं. गाडीचा मालक खोटं बोलतो तेव्हा तो मनाला येईल ते बोलतो. पण यंत्र खोटं बोलतं तेव्हा त्याच्या खोट्याला हिशेब असतो, आणि तो हिशेब सापडला की यंत्रच सगळं कबूल करतं. दीडशे होते ते उणे नऊशे झाले, ते काही लहर लागली म्हणून नव्हे. आपण काहीतरी केलं म्हणून ते झालं. तर मग आपण थोडं थोडं करून बघावं.

तिने नवऱ्याच्या कामातली एक तीनशे एमबीची फाइल घेतली, तिची एक प्रत केली, आणि गेम पुन्हा टाकायला घेतला. शिल्लक जागा उणे बाराशे शेहेचाळीस.

नवरा दोन्ही गाल साफ करून परतला आणि आकडा बघून मटकन बसला. "अगं, आणखी खाली घालवलंस."

"किती खाली?"

"आं?"

"नऊशे शेहेचाळीसचे बाराशे शेहेचाळीस. बरोबर तीनशे. फाइल किती होती? तीनशे." वहिनी त्याच्याकडे वळली. "हा आंधळा नाही हो. माझी एवढीशी फाइल त्याला दिसली. एमबीला एमबी बरोबर मोजतोय. फक्त मोठा आकडा त्याला झेपत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पाच आकड्यांचा मीटर. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पुढे काय? सगळी शून्यं. गाडी धावलेली असते, मीटरला आठवत नसतं. हा गेम बनवला तेव्हा एवढ्या डिस्क कुणी स्वप्नातही बघितल्या नव्हत्या. त्यांनी छोटा मीटर बसवला. तुमचं अख्खं गाव त्या मीटरवर कितीतरी वेळा फिरून येतंय, आणि त्याला दिसतंय फक्त शेवटच्या फेरीतलं उरलंसुरलं."

नवऱ्याने डोकं खाजवलं. "बरं, ते पटलं. पण उणे कसं?"

 हा प्रश्न वहिनीलाही पडला होता. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने बोट दाखवलं. "साडेतीन झाले की त्यानंतर आपण काय म्हणतो? पावणेचार. तीन वाजून गेलेत हे विसरतो आणि चाराला पाव कमी असं म्हणतो. काटा अर्ध्याच्या पुढे गेला की आपण किती झालं ते सांगत नाही, किती कमी आहे ते सांगतो. हाही तेच करतोय. मीटर अर्ध्यावर गेला की हा पुढच्या शून्याला किती कमी आहेत ते सांगायला लागतो. तुम्ही तीन हजार मोकळे केलेत आणि ह्याला अर्ध्याच्या पलीकडे ढकललंत. आधीच्या अर्ध्यात होता तोवर बिचारा निदान सरळ बोलत होता."

"मग आता त्याला परत मागे आणायचं?"

"हो. डिस्क भरायची."

नवऱ्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू जागा नाही म्हणणाऱ्याच्या घरात ती आणखी सामान घेऊन निघाली आहे. एका अर्थी तसंच होतं. पण इतक्या वर्षांत वहिनीचा अंदाज चुकल्याचं त्याने क्वचितच पाहिलं होतं, म्हणून तो पडद्याकडे वळला.

तिने दुसरी प्रत केली. उणे पंधराशे शेहेचाळीस. तिसरी प्रत. उणे अठराशे शेहेचाळीस. नवरा ओठांतल्या ओठांत म्हणाला, "आणखी खड्ड्यात." वहिनीने ते ऐकलं आणि चौथी प्रत केली.

शिल्लक जागा एकोणीसशे पन्नास. उणे हा शब्द गायब झाला होता.

तिने एक कागद ओढून बेरीज मांडली. उणे अठराशे शेहेचाळीसमधून आणखी तीनशे वजा केले की उणे एकवीसशे शेहेचाळीस यायला हवेत. त्याऐवजी आले एकोणीसशे पन्नास. दोन्हींमधलं अंतर म्हणजे मीटरची एक पूर्ण फेरी. "चार हजार शहाण्णव," ती म्हणाली.

"चार जीबी," नवरा लगेच म्हणाला. हे त्याला पाठ होतं. "बरोब्बर चार जीबी. अरे वा."

"आता मी दाबू की तुम्ही दाबताय?"

"दाब तूच. सगळं तुझंच आहे."

गेम निमूटपणे आत गेला. पट्टी भरत गेली, एक जुनाट घंटी वाजली, आणि पडद्यावर एक छोटी चौकोनी खिडकी उघडली. तिच्यात बंदर होतं. पाण्याचा निळा रंग तोच, ठोकळ्यांचे ढग तेच, आणि धक्क्याला टेकून उभ्या असलेल्या दोन बोटी, पिवळी आणि लाल. नव्या पडद्यावर ते सगळं काडेपेटीएवढं दिसत होतं. वहिनीने भोंग्याची कळ दाबली. बोट खोकल्यासारखी वाजली. नवरा मोठ्याने हसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्याने हसण्यावर ढकललं. मग वहिनीने त्याला नाटकाच्या तालमीबद्दल विचारलं. तो म्हणाला, तालीम गेली तर गेली, प्रत्यक्ष नाटकाचा व्हिडिओ आहे.

दुपारी मिरी आली. केस आखूड केले होते, चष्मा लागला होता, पण जिना चढताना पायऱ्यांवर पाय आपटायची सवय तीच होती. दादाला मिठी मारली. वहिनीला म्हणाली, "बरी आहेस ना?" आणि मांडीवर पर्स घेऊन सोफ्याच्या कडेला बसली, पावती घेऊन लगेच निघायचंय अशी.

वहिनीने चहा आणला. दोघी खरोखरच कपात बघायला लागल्या. ते लक्षात येताच वहिनी उठली. "चल. कप घेऊनच ये."

कॉम्प्युटरच्या टेबलापुढे दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मिरी बंदराकडे बघून क्षणभर उभीच राहिली. मग उजवीकडे बसली. बाणांच्या कळा नेहमी तिच्या असायच्या. पर्स तिने जमिनीवर ठेवली.

पहिला डाव दोघींनीही वाईट खेळला. बोटी धक्क्यांवर आपटल्या, दोरखंड सुटले, एक मोठं जहाज कुणाचंच न होता पडद्याबाहेर निघून गेलं. दुसऱ्या डावात मिरीची बोटं जागी झाली. तिने वहिनीचं जहाज अगदी धक्क्याजवळून पळवलं.

"चोर," वहिनी म्हणाली.

"बांधायचं तर घट्ट बांधावं."

"तुझ्या दादाने मघाशी सगळं घालवलं होतं. हा गेम जागा नाही म्हणत होता." वहिनीने सकाळची हकिकत सांगितली. बोटी चालूच होत्या. मिरी पडद्यावरची नजर न हलवता ऐकत होती. मीटरचं नाव निघालं तेव्हा तिची लाल बोट उगाचच एक गिरकी घेऊन सरळ झाली.

"मीटर फिरून आलेला तुला बरोबर ओळखू येतो," मिरी म्हणाली.

"येतो."

"गाडीचं तू बरोबरच सांगितलं होतंस. नंतर वर्षभरात तिने आम्हाला रडवलं." लाल बोटीने नवं जहाज बांधलं. "पण माणूस ओळखण्यात चुकलीस, वहिनी. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो असाच आहे. कुणी काही सांगितलं की विश्वास ठेवतो. आणि माझ्याशी तर तो इतका चांगला वागतो, की मी भांडण उकरून काढते आणि एकटीच भांडते."

वहिनीची पिवळी बोट वाटेत थांबली. तिला ते आडवळणाने टाळता आलं असतं, पण टाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. "गाडी वाचता येते म्हणून माणूसही वाचता येतो असं मला वाटलं," ती म्हणाली. "आणि वाटलं ते वाटलं, चारचौघांत बोलायची काही गरज नव्हती."

"नव्हतीच."

"नव्हती."

"बरं, आता बोट हलव. उभ्या बोटीला हरवण्यात मजा नाही."

वहिनीने बोट हलवली आणि मिरीचं जहाज पळवलं. मिरी खुर्चीतून अर्धी उठली, दादाला साक्षीला बोलावलं, दादाने नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी निकाल दिला, आणि दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडल्या. तो वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत गेला. निघायची वेळ झाली तेव्हा डावांची बेरीज कुणालाच सांगता आली नाही, आणि दोघींनी आपापला विजय जाहीर केला. जाताना मिरीने सीडी उचलून पर्समध्ये टाकली, विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनी एका ट्रकखाली वाकून गंज बघत होती, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"वहिनी, मी बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला आणि थांबला. मग घाईघाईने त्याने आपण मिरीचा नवरा असल्याचं सांगितलं. त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, "घाबरतोस काय, खाणार नाही ती तुला." तो आवाज ओळखायला वहिनीला वेळ लागला नाही. "नाही, ते गेमचं होतं. डिस्क मोकळी आहे, तरी जागा नाही म्हणतोय. मिरी म्हणाली, जागा करायची नाही, भरायची. मला वाटलं ती माझी चेष्टा करतेय."

"चेष्टा नाही, भाऊजी," वहिनी म्हणाली. ट्रकच्या मालकाला तिने हातानेच थांब म्हणून खूण केली आणि चाकाला पाठ टेकून जमिनीवर बसली. "आधी मला सांगा, शिल्लक जागा किती दाखवतोय? सरळ आकडा आहे की पुढे उणे आहे?"

"उणे. उणे तीनशे दहा."

"मग तुम्ही अर्ध्याच्या पुढे आहात, आणि शून्याच्या अगदी जवळ. तुमचं काम तर माझ्यापेक्षा हलकं आहे. भरू नका, थोडं काढा. हजारभर एमबीचं काही नको असलेलं आहे?"

"पण मिरी म्हणाली भरायचं."

"मिरीला भरायचं आठवतंय, कारण ते ऐकायला गमतीचं होतं. तुम्ही आकड्याचं ऐका. तीनशे दहा काढलेत की शून्य, आणि त्यावर सहाशे म्हणजे गेमला पुरेल. थोडं जास्तच काढा. कचऱ्याचा डबाही रिकामा करा, नाहीतर काढल्यासारखं होणार नाही."

कळा दाबल्याचे आवाज आले. फायली कुठल्या काढायच्या यावर तिकडे थोडी कुजबुज झाली, मिरीचं "त्या नको, त्या माझ्या आहेत" ऐकू आलं. वहिनी वाट बघत बसली. ट्रकचा मालक तिच्याकडे जरा चमकून बघत होता.

"सातशे आले," तो म्हणाला. "सरळ सातशे. उणे गेलं. आणि वहिनी, पट्टी भरतेय."

"भरू द्या. संपेपर्यंत मध्ये हात घालू नका."

 पट्टी भरेपर्यंत दोघंही फोनवर तसेच राहिले, आणि तेवढ्या वेळात त्याने विचारलं की पिवळ्या बोटीच्या कळा कुठल्या. वहिनीने एकेक करून सांगितल्या. दोरखंड कसा बांधायचा ते सांगितलं. धक्क्याला वळताना वेग आधीच कमी करायचा, नाहीतर बोट आपटते, हे सांगितलं. मिरी जहाज नेहमी डावीकडून येऊन पळवते आणि पळवण्याआधी हटकून भोंगा वाजवते, हेही तिने आवाज खाली आणून सांगितलं.

"खरंच?" तो तितक्याच हळू आवाजात म्हणाला.

"तिला स्वतःला माहीत नाही," वहिनी म्हणाली. "सांगू नका."